विमान अपघात-अन्वेषण

विमानाच्या उड्डाणाशी निगडित असलेल्या अपघाताची कारणे शोधून काढण्यासाठी व तसा अपघात पुन्हा घडू नये म्हणून उपाय सुचविण्यासाठी केल्या जाणाऱ्या पद्धतशीर तपासास विमान अपघात-अन्वेषण असे म्हणतात. उड्डाणाच्या उद्देशाने पहिली व्यक्ती विमानात चढल्यापासून अखेरची व्यक्ती उतरेपर्यंतच्या काळात विमानामुळे एखाद्याचा मृत्यू झाला वा त्यास गंभीर इजा झाली, विमानाच्या रचनेची मोठी हानी झाली किंवा विमान बेपत्ता झाले, तर आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार ती घटना अपघात ठरते.

अपघातानंतर दोन प्रश्न उभे राहतात : तो का घडला आणि त्यास जबाबदार कोण. पहिला प्रश्न मुख्यतः अभियांत्रिकीचा व मानवी वर्तनाच्या अभ्यासाचा आहे, तर दुसरा कायद्याचा आहे. व्यवहारात मात्र पहिल्याच्या उत्तरातून दुसऱ्याचे उत्तर आपोआप निघते, असे समजले जाते. मोठ्या अपघातात वैमानिक बहुधा मृत्युमुखी पडतो व आपली बाजू मांडू शकत नाही. विमानकंपनी, कारखानदार, विमानतळाचे व्यवस्थापन आणि शासन यांना मात्र ती मांडता येते. त्यामुळे या विषयाचा इतिहास हा बऱ्याच अंशी कारणमीमांसा व दोषनिश्चिती ही दोन कार्ये एकमेकांपासून अलग ठेवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

प्रारंभीचा काळ : शक्तिचलित विमानाच्या अपघातात मृत्यू पावलेली पहिली व्यक्ती म्हणजे अमेरिकी सेनाधिकारी टॉमस सेल्फ्रिज. १७ सप्टेंबर १९०८ रोजी व्हर्जिनिया राज्यातील फोर्ट मायर येथे ऑर्व्हिल राइट चालवीत असलेल्या विमानातून ते प्रवास करीत होते. पंख्याचे एक पाते तडकल्याने कंप निर्माण झाला, पाते सुकाणूला आधार देणाऱ्या तारेवर आदळले आणि विमान ताब्याबाहेर जाऊन कोसळले. राइट यांना गंभीर दुखापत झाली. मोडलेले भाग तपासून घटनाक्रम जुळविण्याची जी पद्धत पुढे रूढ झाली, तिची सुरुवात या तपासात दिसते.

ब्रिटनमध्ये रॉयल एरो क्लब या संस्थेने १९१२ मध्ये अपघातांच्या तपासासाठी समिती नेमली. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रुकलंड्झ येथे झालेल्या अपघातावरील तिचा अहवाल हा अशा प्रकारचा पहिला प्रसिद्ध अहवाल मानला जातो. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, ब्रिटिश लष्करी विमानदलात अपघात-निरीक्षकाचे पद निर्माण झाले व त्यातूनच त्या देशाची अन्वेषण शाखा उदयास आली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९२६ च्या कायद्याने हे काम वाणिज्य खात्याकडे सोपविले. परंतु खात्याचे निष्कर्ष सामान्यतः गुप्त राहत. ३१ मार्च १९३१ रोजी कॅनझस राज्यात एक फॉकर विमान कोसळून विख्यात फुटबॉल-प्रशिक्षक न्यूट रॉक्नी यांचा मृत्यू झाला, तेव्हा या गुप्ततेविरुद्ध जनमत प्रक्षुब्ध झाले. विमानाच्या लाकडी पंखातील सांधे ओलाव्याने सैल झाले होते, असे तपासात आढळले. यानंतर निष्कर्ष जाहीर करण्याची प्रथा पडली.

विमानांना परवाने देणारी, नियम करणारी व अपघातांचा तपास करणारी संस्था एकच असेल, तर स्वतःच्याच चुका तपासण्याची वेळ तिच्यावर येते, ही अडचणही याच काळात लक्षात येऊ लागली. अमेरिकेत १९६७ मध्ये राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळ स्थापन झाले आणि १९७५ पासून ते परिवहन खात्यापासून पूर्णपणे स्वतंत्र करण्यात आले. इतर अनेक देशांनी हाच मार्ग अनुसरला.

कॉमेट विमानांचे अपघात : या शास्त्राला आधुनिक रूप आले ते कॉमेट विमानांच्या अपघातांच्या तपासामुळे. जगातील हे पहिले जेट प्रवासी विमान ब्रिटनने १९५२ मध्ये नियमित सेवेत आणले. २ मे १९५३ रोजी कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून उडालेले एक कॉमेट वादळात सापडून मोडले व ४३ जण मृत्यू पावले. वाऱ्याच्या जोरदार झोतांमुळे किंवा वादळातून जाताना वैमानिकाकडून नियंत्रकांचा अतिरेकी वापर झाल्यामुळे वा त्याचा ताबा सुटल्यामुळे विमानाची रचना हवेतच भंग पावली, असा निष्कर्ष भारतीय चौकशीत काढण्यात आला. १० जानेवारी १९५४ रोजी दुसरे कॉमेट इटलीतील एल्बा बेटाजवळ स्वच्छ हवेत फुटून समुद्रात पडले व ३५ जण दगावले. उड्डाणे थांबविण्यात आली. निश्चित कारण सापडले नसतानाही काही सुधारणा करून ती मार्चमध्ये पुन्हा सुरू झाली आणि ८ एप्रिल रोजी नेपल्सजवळ तिसरे विमान कोसळून आणखी २१ बळी गेले.

फार्नबरो येथील शाही विमान संशोधन संस्थेने आर्नल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली हा तपास केला. एल्बाजवळचे अवशेष समुद्रतळावरून वर काढून लाकडी सांगाड्यावर मूळ जागी बसविण्यात आले. त्याचबरोबर दुसऱ्या एका कॉमेटचा सांगाडा पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवून त्याच्या आत दाब वाढविण्याचे व कमी करण्याचे आवर्तन सतत चालू ठेवले. प्रत्यक्षातील १,२२१ उड्डाणे व टाकीतील १,८३६ आवर्तने झाल्यावर कक्षाचा पत्रा खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटला. एल्बाजवळच्या विमानातही छतावरील छिद्राच्या कोपऱ्यापासून तसाच भंग सुरू झाल्याचे आढळले. दाबाच्या पुनःपुन्हा होणाऱ्या बदलांमुळे धातूला येणारा शिणवटा हे कारण याप्रमाणे सिद्ध झाले. लॉर्ड कोहेन यांच्या चौकशी न्यायालयाने उड्डाणे पुन्हा सुरू करण्याच्या निर्णयाबद्दल कोणालाही दोषी ठरविले नाही. या अहवालाचे फलित शिक्षा हे नव्हते. पुढील सर्व जेट विमानांच्या रचनेत शिणवट्याचा विचार अनिवार्य झाला, हे होते.

आंतरराष्ट्रीय नियम : ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे संमत झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक कराराच्या २६ व्या अनुच्छेदानुसार ज्या देशात अपघात घडतो त्या देशावर चौकशीची जबाबदारी येते. या कराराचे अपघात-अन्वेषणासंबंधीचे १३ वे परिशिष्ट १९५१ मध्ये स्वीकृत झाले. ज्या देशात विमानाची नोंदणी झाली आहे, ज्या देशातील कंपनी ते चालविते आणि ज्या देशांत त्याचा आराखडा व बांधणी झाली आहे, त्या देशांना चौकशीत अधिकृत प्रतिनिधी पाठविण्याचा हक्क आहे. प्राथमिक अहवाल तीस दिवसांत व अंतिम अहवाल शक्यतो बारा महिन्यांत द्यावा, अशी अपेक्षा असते. अंतिम अहवालाशी संबंधित देश सहमत नसेल, तर त्याचे मत अहवालास जोडता येते. अन्वेषणाचे एकमेव उद्दिष्ट अपघातांना प्रतिबंध करणे हे असून दोष अथवा दायित्व ठरविणे हा त्याचा हेतू नव्हे, हे या परिशिष्टातील मध्यवर्ती तत्त्व होय. जबाब व ध्वनिमुद्रणे यांना संरक्षण देण्यामागेही हाच विचार आहे. शिक्षेची भीती असेल, तर साक्षीदार खरे सांगणार नाही.

अन्वेषणाची पद्धती : तपासाचा आरंभ अपघातस्थळापासून होतो. विमानाचे नाक, शेपूट व दोन्ही पंखांची टोके हे चार भाग प्रथम शोधतात. ते एकाच ठिकाणी सापडले, तर विमान अखंड स्थितीत जमिनीवर आदळले असे समजते. ते दूरदूर विखुरलेले असतील, तर हवेतच भंग झाल्याचा संभव असतो. एंजिनातील पाती कशी वाकली आहेत, यावरून आघाताच्या वेळी एंजिन फिरत होते की नाही हे कळते. पेटलेल्या दिव्याची तप्त तार आघाताने ताणली जाते, विझलेल्या दिव्याची तार तशी ताणली जात नाही. यावरून धोक्याचा कोणता दिवा लागला होता हे सांगता येते. याशिवाय देखभालीच्या नोंदी, हवामान, इंधनाचे नमुने, रडारवरील मार्ग, नियंत्रण मनोऱ्याशी झालेले संभाषण, मृतांची वैद्यकीय तपासणी आणि वैमानिकांची विश्रांती व प्रशिक्षण या सर्वांची छाननी होते.

उड्डाण-नोंदक, अर्थात लोकभाषेतील ‘ब्लॅक बॉक्स’, हा तपासातील सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार असतो. मेलबर्न येथील शास्त्रज्ञ डेव्हिड वॉरन यांनी कॉमेटच्या अपघातांच्या संदर्भात वैमानिक-कक्षातील संभाषण नोंदविण्याची कल्पना १९५४ मध्ये मांडली. १९६० मध्ये क्वीन्सलंडमधील मॅके येथे फॉकर विमान समुद्रात पडून २९ जण मृत्यू पावले. त्या चौकशीनंतर ऑस्ट्रेलियाने असे नोंदक सक्तीचे करण्याचे ठरविले. नोंदकाचा रंग काळा नसून, तो सहज सापडावा म्हणून, भडक नारिंगी असतो. एक नोंदक उंची, वेग, दिशा इ. राशी टिपतो व दुसरा कक्षातील आवाज. त्यांमुळे काय घडले ते बऱ्याच अंशी समजते; परंतु वैमानिकाला त्या क्षणी काय दिसत होते व त्याने तसे का केले, हे नोंदक सांगू शकत नाही.

कारण आणि दोष : कारण ठरविणे म्हणजेच कित्येकदा दोष ठरविणे कसे होऊन बसते, याचे बोधक उदाहरण म्हणजे म्यूनिक येथील अपघात. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाला नेणारे ब्रिटिश विमान तिसऱ्या प्रयत्नातही उड्डाण करू न शकल्याने धावपट्टीपलीकडील घरावर आदळले व २३ जण मृत्यू पावले. कप्तान जेम्स थेन बचावले. पंखांवर साचलेल्या बर्फामुळे विमान उचलले गेले नाही, असा निष्कर्ष प. जर्मनीतील चौकशीने काढला. धावपट्टीवरील अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या चिखलाने चाकांना अडथळा झाला, असे थेन यांचे म्हणणे होते. पंखांवरील बर्फ तपासण्याची जबाबदारी कप्तानाची, तर धावपट्टी साफ ठेवण्याची विमानतळाची होती. त्यामुळे दोहोंपैकी कोणते कारण मान्य करायचे, यावरच दोष कोणाच्या माथी जाणार हे अवलंबून होते. शिवाय पंखांची पाहणी अपघातानंतर सु. सहा तासांनी झाली होती व मधल्या काळात हिमवर्षाव चालूच होता. चिखलाचा विमानाच्या वेगावर किती विपरीत परिणाम होतो, हे नंतरच्या ब्रिटिश प्रयोगांत स्पष्ट झाले आणि १९६९ मध्ये ब्रिटिश चौकशीने थेन यांना निर्दोष ठरविले. तोपर्यंत त्यांची नोकरी गेली होती. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले.

२८ नोव्हेंबर १९७९ रोजी न्यूझीलंडचे एक डीसी-१० विमान अंटार्क्टिका खंडावरील पर्यटन-उड्डाणात एरेबस पर्वतावर आदळून २५७ जण मृत्यू पावले. मुख्य अपघात-निरीक्षकांच्या अहवालात, स्थानाची खात्री नसताना कमी उंचीवरून पुढे जाण्याचा कप्तानाचा निर्णय हे संभाव्य कारण देण्यात आले. न्यायमूर्ती पीटर मेहॉन यांच्या शाही आयोगाने १९८१ मध्ये वेगळाच निष्कर्ष काढला. विमानाच्या संगणकातील मार्गाचे निर्देशांक उड्डाणापूर्वी बदलण्यात आले होते व वैमानिकांना ते कळविलेच नव्हते. सपाट सामुद्रधुनीवरून आपण जात आहोत अशी त्यांची समजूत होती आणि ढग व हिम यांच्या एकसारख्या शुभ्रतेत समोरचा उतार दिसत नव्हता. कंपनीने सत्य दडविल्याचा ठपकाही मेहॉन यांनी ठेवला. मात्र संबंधितांना बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही, या कारणास्तव वरिष्ठ न्यायालयांनी तो अमान्य केला. अपघाताच्या कारणाविषयीचे त्यांचे विवेचन अबाधित राहिले. २०१९ मध्ये, अपघातास चाळीस वर्षे झाली तेव्हा, न्यूझीलंडच्या पंतप्रधानांनी शासनाच्या वतीने मृतांच्या नातेवाइकांची क्षमा मागितली.

अशा प्रकरणांनंतर ‘वैमानिकाची चूक’ हे तपासाचे उत्तर न मानता तो तपासाचा आरंभ मानण्याची दृष्टी बळावली. चूक करणारा कुशल व अनुभवी असता ती का घडली, उपकरणांची मांडणी, प्रशिक्षण, थकवा, कंपनीचे दडपण आणि कनिष्ठाला वरिष्ठापुढे बोलण्याचा वाटणारा संकोच यांचा त्यात किती वाटा होता, हे अहवालांतून तपासले जाऊ लागले.

नुकसानभरपाईचा प्रश्न कायद्याने बराचसा स्वतंत्र ठेवला आहे. १९२९ च्या वॉर्सा करारानुसार प्रवाशाच्या मृत्यूबद्दल विमानकंपनीचे दायित्व गृहीत धरले जाई; मात्र भरपाईच्या रकमेला मर्यादा होती. १९९९ च्या माँट्रिऑल कराराने ठराविक रकमेपर्यंत कंपनीला दायित्व नाकारता येत नाही व त्यापुढे स्वतःचा निष्काळजीपणा नसल्याचे तिला सिद्ध करावे लागते. अमेरिकेत सुरक्षा मंडळाचा अहवाल अशा दाव्यात पुरावा म्हणून वापरण्यास कायद्याने मनाई आहे.

भारतातील अन्वेषण : भारतात १९३४ च्या विमान अधिनियमाने व १९३७ च्या विमान नियमांनी अन्वेषणाची व्यवस्था घालून दिली. निरीक्षकाकडून तपास, चौकशी समिती व मोठ्या अपघातांसाठी औपचारिक चौकशी न्यायालय असे तिचे तीन प्रकार होते. न्यायालयाचे काम उघडपणे चाले व न्यायाधीशांस तज्ञ साहाय्यक देण्यात येत. या पद्धतीमुळे सर्व पक्षांना उलटतपासणीची संधी मिळे. परंतु न्यायालयीन वातावरणात कारणाचा शोध हा दोषाच्या वादात रूपांतरित होण्याचा धोकाही असे.

महाराष्ट्रात घडलेल्या अपघातांपैकी ७ जुलै १९६२ रोजी जुन्नरजवळच्या डोंगराळ प्रदेशात इटालियन कंपनीचे डीसी-८ विमान कोसळून ९४ जण मृत्यू पावले. मुंबई जवळ आल्याच्या चुकीच्या समजुतीने वैमानिक रात्रीच्या वेळी अकाली खाली उतरला, असे तपासात दिसून आले. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईत उड्डाणानंतर एका कॅराव्हेल विमानाच्या एंजिनातील चकती शिणवट्याने फुटली, इंधनाच्या नळ्या तुटून आग लागली व विमानातील सर्व ९५ जणांचा अंत झाला.

१ जानेवारी १९७८ रोजी सांताक्रूझ विमानतळावरून दुबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळले आणि २१३ जण मृत्यू पावले. विमान उजवीकडे वळून सरळ झाल्यावरही कप्तानापुढील कृत्रिम क्षितिज दर्शविणारे उपकरण उजवा कलच दाखवीत राहिले. अंधारात समुद्रावर क्षितिज दिसत नव्हते. उपकरणावर विसंबून कप्तानाने विमान डावीकडे झुकविले, ते झुकतच गेले. कप्तानाच्या उपकरणात बिघाड झाला व इतर उपकरणांच्या आधारे वैमानिकांनी विमान सावरले नाही, असा भारतीय चौकशीचा निष्कर्ष होता. अमेरिकेत कारखानदारांविरुद्ध दाखल झालेले दावे मात्र १९८५ मध्ये तेथील न्यायालयाने फेटाळून लावले. यंत्र बिघडले आणि माणूस फसला, हा घटनाक्रम दोन्हीकडे तोच होता; पण कारण सांगणे व दायित्व लादणे यांसाठी लागणारा पुरावा एकाच मापाचा नसतो, हे या प्रकरणातून दिसून आले.

२३ जून १९८५ रोजी आयर्लंडजवळ ‘कनिष्क’ विमान कोसळून ३२९ जण मृत्यू पावले. नोंदक सु. दोन किमी. खोल समुद्रातून वर काढण्यात आले व त्यांच्या विश्लेषणात मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील तज्ञांनीही भाग घेतला. न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या न्यायालयाने पुढील सामानकक्षात बाँबचा स्फोट झाल्याचा निष्कर्ष काढला. घातपात सिद्ध झाल्यावर दोषनिश्चिती हा साहजिकच फौजदारी तपासाचा विषय होतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणातील चरखी दादरी येथे दोन विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ जण मृत्यू पावले. कझाकस्तानचे विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आल्याचे आढळले. या चौकशीनंतर भारतात टक्कर टाळणारे उपकरण विमानांत सक्तीचे करण्यात आले.

२२ मे २०१० रोजी मंगळूर येथे १५८ बळी घेणाऱ्या अपघाताची चौकशी निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. उतरण्याचा प्रयत्न सोडून देण्याची सूचना सहवैमानिकाने वारंवार केली असतानाही कप्तानाने ती मानली नाही, हे प्रत्यक्ष कारण तिने नमूद केले. त्याचबरोबर थकवा व वैमानिकांमधील समन्वय या बाबींचाही विचार केला. नियम करणाऱ्या नागरी विमानचालन महासंचालनालयाकडेच तपासाचे काम असू नये, या विचाराने २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण विभाग स्थापन करण्यात आला. १९३४ च्या अधिनियमाच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आला.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनकडे निघालेले बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर लगेचच कोसळून विमानातील २४१ व जमिनीवरील १९ जण मृत्यू पावले; केवळ एक प्रवासी वाचला. जुलैमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक अहवालात दोन्ही एंजिनांच्या इंधनपुरवठ्याचे स्विच सु. एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याची नोंद होती. इंधन का बंद केले, असे एका वैमानिकाने विचारल्याचे व आपण तसे केले नसल्याचे दुसऱ्याने सांगितल्याचेही त्यात नमूद होते. कोणता आवाज कोणाचा हे अहवालाने सांगितले नव्हते व कोणासही दोषी ठरविले नव्हते. तरीही देशोदेशींच्या वृत्तपत्रांतून दिवंगत वैमानिकाकडे बोट दाखविले गेले. पुढे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला. प्राथमिक अहवालात वैमानिकावर दोषारोप केलेला नाही, असे न्यायालयाने त्या वेळी सुनावणीत म्हटले. अपुऱ्या पुराव्यावर दिलेला निर्णय पुढे खोटा ठरला, तरी ज्याच्यावर तो लादला गेला त्याची हानी भरून निघत नाही, हे म्यूनिक येथील प्रकरणात दिसले होते. प्रवाशांच्या दृष्टीनेही याचे परिणाम गंभीर असतात. दोषी व्यक्ती सापडली या समाधानात तपास थांबला, तर अपघाताचे खरे कारण तसेच राहते व पुढील विमानालाही त्याच धोक्याला तोंड द्यावे लागते.